तव्यापासून ताटापर्यंत

एकदा एक शिष्य आपला लॅपटॉप छातीशी कवटाळून गुरुजींच्या ओसरीवर आला, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर सुतक होते. गुरुजी म्हणजे तंत्रनिकेतनात तीस वर्षे वीजशास्त्र शिकवून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. ओसरीवरच्या टेबलाशी बसून ते बिघडलेली यंत्रे आणि बिघडलेली डोकी दोन्ही दुरुस्त करीत. यंत्रे लवकर होतात, असा त्यांचा अनुभव होता.

शिष्याचे दुःख असे होते. लॅपटॉप खास खेळांसाठी घेतलेला. आत नामांकित ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळातले प्रत्येक चित्र काढणारी स्वतंत्र चिप. तसेच कार्ड असलेल्या मित्राच्या लॅपटॉपवर सेकंदाला सव्वाशे चित्रे सरसर येत. याचा लॅपटॉप शंभरीही न गाठता ऐन लढाईत अडखळे. रविवारी स्पर्धा होती. पाच जणांच्या चमूतून नायकाने आपल्याला काढून टाकले, असे त्याच्या कानावर आले होते. तेव्हापासून त्याने नायकाचा फोनही उचलला नव्हता.

"कार्डच दुबळं आहे, गुरुजी," तो म्हणाला. "बाजारातला व्यापारी तसंच म्हणाला. संध्याकाळी तो येणार आहे. हा लॅपटॉप आणि माझी मोटारसायकल नेईल, आणि याहून मोठ्या कार्डाचा लॅपटॉप देईल. नवीन यंत्र पाहून तरी नायक मला परत घेईल."

"आणि कॉलेजला कसा जाशील?"

"चालत."

गुरुजींनी लॅपटॉपकडे पाहिलेही नाही. "जेवलास का?"

"भूक नाही."

"भूक नाही म्हणणारा दोन पोळ्या जास्तच खातो. हातपाय धुऊन बस."

गुरुजींच्या घरी एक जुना दंडक होता. स्वयंपाकघरात गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, पोळ्या करीत, आणि त्यांचा हात असा की पहिली पोळी फुगते न फुगते तोच दुसरी लाटून तयार. परंतु पोळी तव्यावरून थेट ताटात कधी येत नसे. ती आधी गुरुजींचे धाकटे बंधू तात्या यांच्या हाती जाई. तात्यांचे वय सत्तर. ते पोळीला तूप लावीत, कडेला कड जुळवून घडी घालीत, मग चपला सावरीत माजघर ओलांडून पानापाशी येत, आणि वाढण्यापूर्वी यजमानाला शोभेल अशी विचारपूस करीत.

"आई बरी आहे ना?" पहिल्या पोळीला तात्यांनी विचारले.

"बरी आहे."

दुसऱ्या पोळीला त्यांनी पुन्हा तेच विचारले. तिसरी येईपर्यंत शिष्याची भाजी संपली, आमटी संपली आणि चटणीचा ठिपकाही राहिला नाही. आली ती पोळी गार होती. आतून काकूंची हाक आली, "अहो तात्या, इथे पोळ्यांची चळत लागलीय." त्यावर तात्या म्हणाले, "आलो आलो, याच्या मामाचं विचारायचं राहिलंय."

गुरुजींनी शांतपणे विचारले, "काय झालं? हात का थांबला?"

शिष्य संकोचला, परंतु पोटापुढे संकोच टिकला नाही. "काकूंचं वय झालंय. कोणी तरतरीत बाई ठेवली तर पोळ्या लवकर येतील."

आतला लाटण्याचा आवाज थांबला. 

गुरुजी उठले. त्यांनी शिष्याचे रिकामे ताट उचलले, माजघर ओलांडले आणि ताट शेगडीशेजारी, काकूंच्या हाताच्या अंतरावर ठेवले. शिष्य बावचळून मागोमाग गेला. डोके फिरले की काय, अशी शंका त्याला आली, पण एवढ्यात तव्यावरची वाफाळती पोळी त्याच्या ताटात पडली. ती संपते न संपते तोच दुसरी. पाच पोळ्या त्याने मान वर न करता खाल्ल्या.

"बाई तीच आहे हो," काकू म्हणाल्या.

शिष्याने मान खाली घातली. "चुकलो, काकू."

मग गुरुजी म्हणाले, "अरे, तुझं मोठं कार्ड म्हणजे या काकू. चित्र काढण्यात त्यांची काहीच कसूर नाही. पण तुझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये आणखी एक छोटी ग्राफिक्स चिप असते, आणि पडद्याची तार तिच्याकडे आहे. कार्डानं काढलेलं प्रत्येक चित्र आधी तिच्या हाती जातं, मग पडद्यावर. सेकंदाला शंभर वेळा आई बरी आहे ना, असं चाललंय."

"मग ती चिप ठेवलीच कशाला?"

"तात्यांना ठेवलंय तशीच. पत्र लिही, बातम्या वाच, तेव्हा कार्ड झोपतं आणि ती एकटी घर सांभाळते. बॅटरी वाचते. शेगडीपाशी रोज बसशील तर तूच भाजून निघशील. थेट मार्ग लावलास की कार्ड सतत जागं राहून तापतं आणि बॅटरी खातं, तेव्हा चार्जर लावूनच खेळ. तुझ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये मार्ग बदलायची सोय आहे. प्रत्येकात नसते. नसली, तर बाहेरचा मॉनिटर कार्डाला थेट जोडलेली खाच शोधून तिथे लावायचा."

हात धुऊन दोघे टेबलाशी बसले. सेटिंग बदलले, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, खेळ उघडला. आकडा एकशे बाविसावर जाऊन स्थिरावला. शिष्याने व्यापाऱ्याला फोन करून येऊ नका म्हटले, आणि ओसरीखाली उभ्या मोटारसायकलकडे प्रेमाने पाहिले. पण लगेच त्याचा चेहरा पुन्हा पडला.

"आता काय उपयोग, गुरुजी. चमूतून तर काढलंच आहे मला."

"नायक तुला म्हणाला?"

"मला नाही. तो त्याच्या मावसभावाला म्हणाला. मावसभावानं शेजारच्या मुलाला सांगितलं. त्यानं मला."

 गुरुजींनी फक्त माजघराकडे पाहिले. तिथे तात्या एका गार पोळीच्या कडा जुळवीत उभे होते.

शिष्यानेही तात्यांकडे पाहिले. मग त्याने थेट नायकाला फोन लावला.

"कुठे उलथला होतास?" पलीकडून नायक ओरडला. "तीन दिवस फोन करतोय. मी म्हटलं होतं, याचा लॅपटॉप असाच अडखळला तर रविवारी खेळणं कठीण आहे, तेव्हा माझ्या बहिणीचा लॅपटॉप त्याला देऊ. पोचला का निरोप?"

"अर्धा पोचला," शिष्य म्हणाला.

"पोळी गार झाली तरी पोटात जाते," गुरुजी फोन ठेवल्यावर म्हणाले. "माणसाचं बोलणं मात्र तव्यावरूनच घ्यावं."

एवढ्यात तात्या ती घडी घालून येऊन ठेपले. "एक राहिलीच होती," ते म्हणाले. "आई बरी आहे ना?"

शिष्याचे पोट तुडुंब भरले होते. तरी त्याने हात पुढे केला, आणि आई कशी आहे ते या वेळी नीट, सावकाश सांगितले.