नाव बदलून उघडलेलं दार

एकदा एका तालुक्याच्या गावी पाणी तपासणारी छोटी प्रयोगशाळा होती. ती चालवणारे वृद्ध आचार्य सगळे संगणक लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर चालवत. त्यातही जुन्या संगणकांना झेपेल अशा, फारशा न वापरल्या जाणाऱ्या प्रकारावर. फ्लोराइड मोजणारं नवं यंत्र आलं, पण ते संगणकाशी जोडणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बसेचना. पडद्यावर एकच वाक्य येई : ही प्रणाली आमच्या यादीत नाही.

आचार्यांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या शिष्येनं यंत्राच्या विक्रेत्याला फोन लावला. तो हसला. "मॅडम, यादीतली सिस्टीम टाका, नाहीतर नवा कॉम्प्युटर घ्या. असल्या जुगाडाला आम्ही सपोर्ट देत नाही."

ती संतापली. दुसऱ्या दिवशी एका वाडीतल्या सात विहिरींचे नमुने यायचे होते. तिथल्या मुलांच्या दातांवर पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की पडतात तसे तपकिरी डाग पडत होते, आणि अहवालाशिवाय ग्रामपंचायत एकही विहीर बंद करणार नव्हती. शेवटी तिनं एका फाइलमध्ये आपल्या प्रणालीचं नाव खोडून यादीतलं नाव घातलं. ड्रायव्हर निमूट बसला.

"फसवलं मेल्यांना!" ती म्हणाली.

आचार्यांनी यंत्र चालतंय याची खात्री केली आणि संगणकावरचं सगळं पुसून टाकलं.

"सर! वेड लागलंय का तुम्हाला? उद्या नमुने येतायत!"

"वेड नाही, राग आलाय. तुझ्यापेक्षा जास्त." आचार्य म्हणाले. "आपल्याला काय जमतं, हे त्या दारात कुणी विचारलंच नाही. नाव विचारलं आणि हाकललं. या देशात हे किती पिढ्या चाललंय! आणि तू काय केलंस? खोटं नाव सांगून एकटी आत शिरलीस. दार होतं तसंच आहे. उद्या दुसऱ्या तालुक्यातली पोरगी फोन करील, तिलाही तो असाच हसेल. आता आपल्याच नावानं बसव. आणि जे करशील ते लिहीत जा."

धुसफुसतच तिनं प्रणाली पुन्हा टाकली आणि ड्रायव्हर बसवणारी फाइल उघडली. चारशे बारा ओळी. त्यांतली अडवणारी ओळ एकच. तिचं काम फक्त नाव तपासणं. ती काढताच ड्रायव्हर बसला.

"एवढंच? एका ओळीसाठी?" रागानं तिचे डोळे भरून आले.

"लिही," आचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नमुने तपासले गेले. तीन विहिरींत फ्लोराइड मर्यादेबाहेर निघालं. अहवाल त्याच दुपारी ग्रामपंचायतीत गेला. मग शिष्येनं आपलं टिपण सर्वांना वाचता येईल असं इंटरनेटवर ठेवलं. त्यात सगळ्यात वर एक ओळ होती : तुमची प्रणाली यादीत नसेल, तरी तिचं नाव बदलू नका.