भाल्यांची उत्तरपूजा

राजा चंडसेनाच्या राज्यात सारजा नावाची बाई होती, आणि तिचं बोलणं कुणी म्हणून खरं मानत नसे.

लढाई संपली होती. सैनिक परतले, पण भाले हातांना चिकटलेले, सुटता सुटेनात. सारजाचा भाऊ मल्हारी नाक खाजवायला गेला की छप्पर फाटे. तान्ही लेक कुशीत घ्यावी, तर तीही सोय नाही. भ्यालेल्या गावाने सगळ्यांना वेशीबाहेर बसवलं. अमावास्येला रानात हाकलायचं ठरलं.

सारजा दरबारात शिरली. "निघताना अक्षता टाकून भाल्यांत रणदेवी बसवलीत. गौर बसवली तर उठवतात ना? हिची उत्तरपूजा कुणी केली?"

राजजादूगार हसला. "बाई, हा शत्रूचा शाप."

कमानीवरची साळुंकी बोलली, "सारजाचं खरं. गावचं पाणी आण, वैऱ्याचं मीठ आण, आणि ज्या हाताने देवी बसवली त्याच हाताच्या अक्षता आण."

सारजा घागर घेऊन दारोदार फिरली. दारं बंद. ती कडाडली, "जाताना ओवाळलंत, आता तांब्याभर पाणी जड झालं?" दारं उघडली, घागर भरली.

मग मगरीच्या पाठीवर बसून ती नदीपार वैऱ्याच्या मुलखात गेली. तिथेही वेशीबाहेर माणसं बसलेली, हातांना तलवारी चिकटलेल्या. एका म्हातारीने मीठ दिलं. "सुटका झाली तर आम्हालाही सांग गं बाई."

"सांगते की. अक्षता टाकलेला तुमच्या राणीचा हात तेवढा धरून ठेवा."

वेशीवर दरबार जमला. सारजाने पाणी शिंपडलं, सैनिकांवरून मीठ उतरून टाकलं. जादूगाराने अक्षता टाकल्या, सेनापतीने टाकल्या. एकही भाला हलेना.

सारजा म्हणाली, "महाराज, ते तांदूळ कुरवाळताय कशाला? टाका."

महाराज पुटपुटले, "विजयाची पंगत बसली होती. पुरणपोळ्या गार होत होत्या. म्हटलं, देवी उठवू सावकाश..."

अक्षता पडल्या आणि खणाखणा भाले गळून पडले. मल्हारीने लेक उचलली. लेकीने त्याची मिशी ओढली. तो ओरडला, अख्खी वेस हसली. गावाने सगळ्यांना हाताला धरून आत नेलं. लोहाराने भाल्यांचे नांगराचे फाळ केले. नदीपार निरोप गेला, तिकडेही तलवारी सुटल्या.

सकाळी दरबाराने दवंडी पिटवली, "शत्रूचा शाप उतरला हो!"

सारजा पदर खोचून कमानीखाली उभी राहिली. "साळुंकीबाई, सांग गं यांना. देवी उठवायला कोण विसरलं?"

साळुंकीने मान फुगवली आणि साऱ्या राज्याला ऐकू जाईल असं ओरडली, "राजा चंडसेन!"