मुकी ठरवलेली चिप

“नव्या वहिनीनं हात लावला आणि चिप मेली. पायगुण म्हणतात तो हाच!” धाकटा दीर वडिलांना सांगत होता. चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभ्या असलेल्या सुनेच्या कानी ते जायचं नव्हतं, पण गेलं.

एकदा एका कारखानदाराच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली ही सून आली. कारखान्यात अंडी उबवण्याच्या पेट्या तयार होत. पेटीची ऊब राखणाऱ्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचं टेबल सासऱ्यांनी तिला मोठ्या कौतुकानं दिलं होतं. सहाव्याच दिवशी एक चिप प्रोग्राम घेईना. संगणक पुन्हा पुन्हा एकच सांगे, समोरून उत्तर नाही. तिनं वायर बदलली, वीजपुरवठा तपासला, व्यर्थ. सासरे म्हणाले, “तू आता घरातलंच बघ.” ती गप्प राहिली. गप्प माणसाचा गुन्हा लवकर सिद्ध होतो, हे ज्ञान तिला सासरी प्राप्त झालं.

चिप बदलून घ्यायला सासऱ्यांनी एका वृद्ध गुरुजींना बोलावलं. सून त्यांचीच विद्यार्थिनी. गुरुजींनी चिप काढली मात्र नाही. खिशातल्या डबीतून दोन पायांचा चकचकीत क्रिस्टल काढून त्यांनी तो त्या मेलेल्या चिपला जोडला.

दीर हसला. “गुरुजी, मढ्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवताय का?”

“पोरी, आता विचार तिला,” म्हणत गुरुजींनी सुनेला टेबलाशी बसवलं.

सुनेनं कळ दाबली. चिपनं तत्क्षणी उत्तर दिलं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “चिपला चालायला घड्याळासारखा ठोका लागतो. हिच्या पोटात तो होता. कुणीतरी सेटिंग बदलून हिला आज्ञा केली, आतला ठोका सोड, बाहेरच्या क्रिस्टलचा धर. आणि बाहेर क्रिस्टल बसवलाच नाही! तिचं होतं ते काढून घेतलं, नवं काही दिलं नाही, आणि वर आपणच म्हणायचं, ही बोलत नाही.”

सुनेनं मान खाली घातली. हे केवळ चिपबद्दल नव्हतं, हे तिला उमगलं.

“पण सेटिंग बदलली कुणी?” सासऱ्यांनी विचारलं.

“नुसता प्रोग्राम भरताना ती बदलत नाही. मुद्दाम बदलावी लागते.”

दीर खाकरला. “मी परवा... वेग वाढतो का बघत होतो.”

“बरं, असू दे. शिकतानाच चुकतो माणूस,” सासरे लगेच म्हणाले. “काम झालं ना? चहा आणा.”

दृष्टांत इथंच संपायचा. गुरुजींनी डबी खिशात टाकलीही होती. पण सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. चहाला ती उठली नाही. त्या घरात प्रथमच तिचा आवाज सगळ्यांना नीट ऐकू गेला.

“मामंजी, चूक माझी वाटली, तेव्हा विचारपूस न करता टेबल काढून घेतलंत. भाऊजींची निघाली, तर शिकतानाच चुकतो माणूस! दोघांना एकच न्याय लावा. तोवर मी इथून उठणार नाही.”