मंद ठिणगीचा तुकडा

फार वर्षांपूर्वी, हिंगणमाळला विजेचा खांबसुद्धा आला नव्हता तेव्हा, तिथे सटवाप्पा लोहार नावाचा टर्नर होता. बापजाद्यांचा भाता कोपऱ्यात ठेवून त्याने तालुक्याहून लोखंड फिरवून तासायचं एक जुनं लेथ आणलं होतं, तेलाच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारं. पंचक्रोशीत मोडलेलं लोखंड त्याच्याकडेच यायचं. त्याच्या हाताला यश होतं आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात गावच्या विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, मोडला. बाकीच्या विहिरी आटल्या होत्या. ही एकच जिवंत होती, पण इतकी खोल, की पोहऱ्याने माणसांपुरतं पाणी कसंबसं निघायचं. गुरं दावणीला हंबरत होती. गावाने कुठून कुठून हिंडून चांगल्या पोलादाचा एक दांडा मिळवला आणि सटवाप्पापुढे ठेवला.

"दोन दिसात पानी काढून देतो," तो म्हणाला.

आता, पोलाद कापायचं तर कापणारं टूल पोलादाहून कठीण लागतं. सटवाप्पाच्या डब्यात बोटाएवढे चौकोनी तुकडे होते. व्यापाऱ्याने सगळे हायस्पीडचे, म्हणजे तापूनही मऊ न पडणाऱ्या पोलादाचे, म्हणून दिले होते, आणि दिसायलाही सगळे सख्खे भाऊ. त्याने एकेक तुकडा धारेच्या चाकावर धरून पाहिला आणि ज्याच्या ठिणग्या पांढऱ्याशुभ्र फुलबाजीसारख्या उडाल्या तो उचलला. लोहाराच्या घरात हेच शिकवतात, की ठिणगी फुलली म्हणजे पोलाद कसाचं. साध्या पोलादाला ते खरंही आहे.

शाफ्ट निम्मा झाला आणि टूलचं टोक तापून निळं पडलं, मऊ झालं, घसरायला लागलं. तिथे थांबायचं, तर सटवाप्पाने हट्टाने रेटलं. टूल आत घुसलं आणि शाफ्ट मापाच्या खाली गेला. कमी झालेलं पोलाद पुन्हा वाढत नाही.

गावात आता पोलाद उरलं होतं ते एकाच ठिकाणी, हिंगणाई देवीच्या रथाच्या कण्यात, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसात. रथाची राखण शांतव्वा गुरवीण करायची. सटवाप्पा तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"देवीचा कना हाय, आप्पा," ती म्हणाली. "ह्यो बिघडला तर पानीबी गेलं आन् रथबी गेला."

"व्हय. पयला दांडा म्याच बिघडवला, शांतव्वा. चूक माझी हाय."

हे शब्द त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाले, असं म्हणतात. शांतव्वाने रथाच्या खोलीची किल्ली काढली. "आता ने," ती म्हणाली.

सटवाप्पाने कण्याला लगेच हात लावला नाही. भरदुपारी दुकानाची दारं लावून अंधार केला आणि डब्यातले सगळे तुकडे पुन्हा चाकावर धरले. सगळ्यांच्या ठिणग्या फुलल्या. मग त्याची नजर तेलाच्या डबड्यावर गेली. झाकण उडू नये म्हणून त्यावर एक तुकडा ठेवला होता, मेलेल्या ठिणगीचा म्हणून कधीच टाकून दिलेला. तो चाकावर धरला. तांबूस, बारीक, मंद दोरे निघाले आणि न फुटताच विझले. त्याने टोक तापून निळं होईपर्यंत दाबून धरलं आणि मग कानशीने ओरबाडून पाहिलं. कानस घसरली. तापूनही तो तुकडा मऊ पडला नव्हता; खरा हायस्पीडचा तेवढा तोच होता.

सटवाप्पा खाली बसला आणि रडला. मग उठला.

त्या तुकड्याला त्याने अख्खा दिवस दिला. धारेखालची बाजू थोडी आत घेतली, म्हणजे नुसती धार लागेल, पोट घासणार नाही. माथ्याला मागे उतार दिला, म्हणजे कापलेल्या पोलादाचा कीस अंगावरून वाहून जाईल. शेवटी टोकाचा काटा तेलाच्या दगडावर जरासा मोडला. अंगठ्याच्या नखावर टेकवला तेव्हा नखाचा पापुद्रा निघाला.

दुसऱ्या दिवशी कणा लेथवर चढला. कीस निघाला तो एकच, न तुटता, दारातून बाहेर पडून थेट विहिरीच्या काठापर्यंत गेला, असं म्हणतात. कुणी मोजला, ते विचारू नये. पण शाफ्ट मापात बसला हे खरं, आणि दिवस मावळायच्या आत गुरं पाणी प्याली.

पुढे बरे दिवस आले तेव्हा गाव रथाला नवा कणा करायला निघालं. शांतव्वाने नको म्हटलं. देवीने दिलेलं आपण भरून काढायचं नाही, म्हणाली. म्हणून हिंगणमाळचा रथ आजही चाकांवर चालत नाही, माणसं तो खांद्यावर नेतात. विहिरीपाशी तो टेकवतात. तिथे गावातला सगळ्यात म्हातारा टर्नर धारेच्या चाकावर एक तुकडा धरतो आणि लोक ती मंद, तांबूस ठिणगी बघून हात जोडतात.

आणि रथ पुन्हा उचलायच्या आधी, ज्याच्या हातून वर्षभरात काही बिघडलं असेल तो सगळ्यांदेखत सांगतो, "चूक माझी हाय." सांगेल त्यालाच खांदा द्यायला मिळतो. आजवर रथाला खांदे कधी कमी पडलेले नाहीत.