पुठ्ठ्याची खिडकी

“मग आता यात काय राहिलं, गुरुजी?”

निशिकांतने वळवी गुरुजींना विचारलं. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत त्याने उभं केलेलं कॉलेज ते पाहत होते. सगळं पुठ्ठ्याचं. प्रवेशाची खिडकी, तिच्यावर वेळांची पाटी, वाचनालय, प्राचार्यांचं दार.

निशिकांत त्यांचाच जुना विद्यार्थी, शहरात डिझाइन शिकलेला. गेल्या वर्षी पाड्यावरच्या दोन मुली कॉलेजच्या प्रवेशखिडकीवर ‘उद्या या’ ऐकून परतल्या. त्या पुन्हा गेल्याच नाहीत. ते ऐकून तो आला होता. उद्या वसतिगृहातली शेवंती त्याच खिडकीवर जाणार होती; हे पुठ्ठ्याचं कॉलेज तिच्या सरावासाठी.

“आमच्या डिझाइनमध्ये एक नियम असतो,” तो म्हणाला. “वापरणारा अडला, तर चूक वस्तूची. शेवंतीला खिडकी उंच पडत होती, मी खाली घेतली. खिडकीवर विचारायचा प्रश्न तिला कळेना, मी प्रश्न बदलला. आता ती कुठेच अडत नाही.”

“कुठेच?”

“बघाच तुम्ही.”

गुरुजी खिडकीमागच्या स्टुलावर जाऊन बसले. शेवंती कागदपत्रं घेऊन पुढे आली. शिकवल्याप्रमाणे हसली.

“नमस्कार सर. मला प्रवेश...”

“कुठल्या पाड्याची गं तू?” गुरुजींनी मान वर केली नाही. “जेवणाची सुट्टी झाली. उद्या ये.”

आणि खिडकीची पुठ्ठ्याची झडप लावून घेतली.

निशिकांत जागच्या जागी थिजला. गुरुजींच्या तोंडून असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

पण खरा धक्का पुढेच होता. शेवंती रडली नाही, चिडलीही नाही. ती वळली आणि शांतपणे त्याच्याकडे बघत राहिली. आता निशिकांत सर काय बदलतात, याची वाट बघत.

 सवयीने त्याचा हात कात्रीकडे गेलाच.

“कात्री ठेव,” झडपेमागून आवाज आला.

...

निशिकांतने कात्री खाली ठेवली.

शेवंतीने झडपेवर टकटक केली. झडप उघडली नाही. पुन्हा केली.

“पाटीवर सुट्टी दीडची लिहिलीय,” ती म्हणाली. “अजून एकसुद्धा वाजला नाही. उघडा.”

“उद्या ये म्हटलं ना.”

“उद्या नाही. आज.”

तिने दोन्ही हातांनी झडप ढकलली. पुठ्ठा टर्रकन फाटला. अख्खी खिडकी खाली आली. घाबरलेल्या शेवंतीने तशीच वाकून कागदपत्रं गुरुजींच्या मांडीवर ठेवली.

निशिकांत पुठ्ठे गोळा करायला धावला. “थांबा, लगेच उभी करतो...”

“राहू दे,” गुरुजी म्हणाले. “आज पहिल्यांदाच कुणीतरी ती खिडकी खरोखर वापरली.”