एक हात रिकामा

फार जुनी गोष्ट. एका डबक्याच्या एका काठावर चिंच होती, समोर चुनखडीचा दगड. चिंच पाण्यात आंबटपणाचे दाणे सांडायची, दगड ते ओढून घ्यायचा. दाणे फार वाढले किंवा फार घटले की माशांना जगणं कठीण; तरी त्या पाण्यात एक मासोळी सुखाने राहत होती. कारण पाण्यात अमिनो आम्लाचे कण होते. प्रत्येकाच्या एका हातात एक दाणा, दुसरा हात रिकामा. चिंचेने सांडला की ते रिकाम्या हातात झेलायचे, दगडाने मागितला की भरल्या हातातला द्यायचे.

एकदा चिंच म्हणाली, "असं अर्धवट काय राहता? माझे व्हा, दोन्ही हात भरा!" कणांना ते पटलं. सगळ्यांनी हात भरून घेतले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, चिंचा टपाटप पाण्यात पडल्या. दाणे झेलायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. मासोळीचे कल्ले झोंबू लागले, ती तडफडत वर आली.

ते पाहून थोरला कण दगडाकडे धावला. "दादा, एवढा दाणा घ्या." त्याच्यामागून बाकीचेही गेले.

चिंच फणकारली, "गेलास ना शेवटी त्याच्या बाजूला?"

"नाही मावशी," कण म्हणाला, "तुमचाच पुढचा दाणा झेलायला हात मोकळा केला."