पंगतीआधीची हाक

"पण बुवा, लोकांनाच युद्ध हवं असेल, तर त्यात माझा काय दोष?"

सारंगने पुन्हा तेच विचारलं. रोज रात्री टीव्हीवर बातम्यांचा फड रंगवणारा माणूस तो. एकच प्रश्न घोळून घोळून विचारायची त्याला सवयच जडली होती.

निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर पत्रावळी पुसत बसले होते.

"हवं आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"मी रोज विचारतो ना! 'धडा शिकवायचा की गप्प बसायचं?' शंभरातले नव्वद म्हणतात, शिकवा. शितावरून भाताची परीक्षा, बुवा."

"शीत दाबून पाहिलंस खरं... पण चूल कोणी पेटवली?"

सारंग नुसता हसला. असले टोले त्याने पुष्कळ परतवले होते. पण आज तो वाद जिंकायला आला नव्हता. त्याच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा सीमेवर होता. सारंगने पडद्यावरून 'आता माघार नाही' अशी गर्जना केली, त्या दिवसापासून अक्काने त्याचा फोन घेतला नव्हता. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलेलं. तिचा अबोला त्याला सोसवत नव्हता. बुवांचा शब्द ती मोडणार नाही, एवढ्या आशेवर तो घाट चढून आला होता.

"तुम्ही समजवा तिला. मी फक्त लोकांचा आवाज पोचवतो."

बुवांनी पुसलेली पानं ओळीने मांडली.

"जा, हाक मारून ये. मग बसू."

मठाची रीतच होती ती. पंगत बसण्याआधी दारात उभं राहून विचारायचं, कोणी उपाशी आहे का.

सारंग ऐटीत उठला. आवाजावर तर त्याचं पोट होतं.

"कोणी उपाशी आहे का?"

हाक अशी खणखणीत की समोरचा डोंगर घुमला. तो घुमतोय तोच सारंगने दुसरी हाक दिली, तिच्यावर तिसरी. आणि वळला.

"कोणी नाही, बुवा. वाढा."

बुवा मात्र उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. आमटी निवत चालली. सारंगची चुळबुळ सुरू झाली.

"आता कशाची वाट बघता?"

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं...

खालच्या पायऱ्यांवर काठी वाजली. मग धापा टाकत अक्काच वर आली. पायथ्याच्या घरी एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटेना, म्हणून हल्ली ती दुपारी मठातच जेवायची.

"ओ दिली होती रे मी," ती सारंगला म्हणाली. "प्रत्येक हाकेला दिली. पण तुझं ओरडणं थांबेल तेव्हा ना!"

सारंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुवांनी अक्काला हाताला धरून पानावर बसवलं. सारंगला तिच्या समोर बसवलं.

"तुझा तो रोजचा प्रश्न आता हिला विचार," ते म्हणाले. "उत्तर येईपर्यंत पंगत थांबेल."